चष्मा काढणारे डॉक्टर

तुम्ही त्यांना पाहिलेलं आहे. नाही म्हणू नका. ऑपरेशन थिएटरच्या दारावरचा लाल दिवा विझतो. बाहेर बाकावर पदर चुरगाळत बसलेली आई उठून उभी राहते. दार उघडतं आणि पांढऱ्या कोटातला एक उंच, जरासा वाकलेला माणूस बाहेर येतो. तो काही बोलत नाही. डाव्या हाताने चष्मा काढतो, एक श्वास घेतो आणि मान हलवतो. झालं. मग आईचा हंबरडा, नाहीतर जाहिरात. तो माणूस पुन्हा त्या पिक्चरमध्ये दिसत नाही.

तो माणूस शहापुरात राहायचा. एसटी स्टँडच्या मागच्या चाळीत, आमच्या बूथपासून हाकेच्या अंतरावर. त्यांचं खरं नाव मला आणि पोस्टमनला ठाऊक होतं. बाकी सगळा गाव त्यांना डॉक्टर म्हणायचा, म्हणून मीही डॉक्टरच म्हणते. अजूनही एखाद्या दुपारी ते टीव्हीवर दारातून बाहेर येतात आणि कुणीतरी गेल्याचं सांगतात. मी हातातली भांडी ठेवून बघायला जाते. स्वतः केव्हाच गेलेला माणूस दुसऱ्याचं मरण सांगत असतो. सुनेला त्याचं हसू येतं. मला येत नाही.

आमचा एसटीडी-पीसीओचा बूथ होता आणि शेजारी झेरॉक्सचं मशीन. मशीन माझा नवरा बघायचा, फोन मी. डॉक्टरांकडे फोन नव्हता, म्हणून शूटिंगवाल्यांचे निरोप आमच्याकडे यायचे. ‘उद्या सकाळची शिफ्ट, डॉक्टरचा रोल, कोट घेऊन या.’ एवढाच निरोप. कोट त्यांचा स्वतःचा होता. कंपनीच्या कोटाला आधीच्या डॉक्टरचा घाम असतो, असं ते म्हणायचे. काम आलं की ते कोट धुवायचे, नीळ घालायचे आणि चाळीच्या तारेवर वाळत टाकायचे. तारेवर कोट दिसला की बायका म्हणायच्या, उद्या कोणतरी मरणार.

रोज संध्याकाळी ते बूथच्या दारात यायचे. “वहिनी, काही निरोप?”

मी पडले रोखठोक. “नाय आला,” एवढंच म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायची. एकदा ते तिथेच थांबले. म्हणाले, “वहिनी, तुम्ही फार रुक्ष सांगता हो. माणूस आशेने आलेला असतो. आधी एक श्वास घ्यायचा. त्या श्वासात त्याला निम्मं कळतं. मग उरलेलं निम्मं सांगायचं.”

त्यांनी मला उभं करून करायला लावलं. मी छाती भरून श्वास घेतला, डोळे मोठे केले आणि म्हणाले, “नाय आला.” झेरॉक्सच्या मागे माझा नवरा पोट धरून हसला. डॉक्टर हसले नाहीत. “जमेल,” म्हणाले. “सवयीने जमेल.” ते खरंही ठरलं. पुढे पुढे ‘नाय आला’ सांगायची सवय मला चांगलीच झाली.

एकदा मी विचारलं, “डॉक्टर, श्वासाचं समजलं. पण चष्मा कशाला काढता?”

“माझा नंबर फार मोठा आहे, वहिनी. चष्मा काढला की समोरची रडणारी बाई दिसत नाही. धुकं दिसतं. धुक्याला काहीही सांगता येतं.” मग जरा थांबून म्हणाले, “लोकांना वाटतं, काय अभिनय करतो हा माणूस!”

हे मी लक्षात ठेवलं. तुम्हीही ठेवा.

आता आमच्याकडची गंमत सांगते. गंमत म्हणायची सवय आहे म्हणून गंमत. मुरबाडच्या बाजूच्या डोंगरातून एक म्हातारा जीप करून आला. बायकोला चादरीच्या झोळीतून आणलं होतं. सोबत नऊ-दहा वर्षांची नात, म्हातारीचं गाठोडं छातीशी धरून. म्हाताऱ्याने बूथवर येऊन विचारलं, “तो टीवीतला डागदर कुठं ऱ्हातो?”

डॉक्टर लुंगीवरच बाहेर आले. “अहो बाबा, मी खरा डॉक्टर नाही. ते नाटक असतं.”

म्हातारा ऐकेना. “आमी सरपंचाकडं पाह्यलंय तुमाला. तुमच्या हातून कोन जगत नाय, ते ठाव हाय आमाला. पन तुमी खोटं नाय सांगत. बाकीचे गोळ्या देतात आन् बोलतात, बरी होईल. तुमी सांगा. जगंल का म्हातारी?”

माझा नवरा हसायला गेला आणि अर्ध्यातच थांबला. म्हातारा बरं करून घ्यायला आलाच नव्हता. त्याला फक्त खरं ऐकायचं होतं, आणि टीव्हीत खरं सांगणारा हा एकच माणूस त्याने पाहिला होता.

डॉक्टर आत जाऊन पँट-शर्ट घालून आले आणि त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. म्हातारीला धरायला बाईमाणूस हवं म्हणून मीही गेले. आत एका तरुण डॉक्टरने तिला तपासलं आणि आमच्या डॉक्टरांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. मग आमचे डॉक्टर दारातून बाहेर आले. बाकावरचा म्हातारा उठून उभा राहिला. अगदी पिक्चरसारखं. मी म्हटलं, आता चष्मा काढणार.

त्यांनी काढला नाही. उलट नाकावर नीट बसवला. म्हाताऱ्याला खाली बसवलं, आपणही त्याच्याशेजारी जमिनीवर बसले, त्याचा हात हातात घेतला आणि त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाले, “बाबा, दिवस थोडे आहेत. घरी न्या. मागेल ते द्या.”

म्हाताऱ्याने दुसऱ्या हाताने त्यांचा हात दाबला. मग म्हणाला, “बरा केलास, सांगितलास.” नात दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

त्यानंतर डोंगरातली माणसं डॉक्टरांकडे येतच राहिली. साप चावलेला आला, बाळंतपणात अडलेली आली. मांत्रिकाकडे जाऊ की दवाखान्यात, म्हणून विचारायला आले. डॉक्टर चपला घालायचे आणि त्यांच्यापुढे दवाखान्याच्या वाटेला लागायचे. तिथला कंपाउंडर आधी वैतागायचा, मग तो त्यांच्यासाठी खुर्ची पुसून ठेवू लागला. एरवी जी माणसं दवाखान्याची पायरी चढली नसती, ती यांच्या मागे मुकाट चढायची. त्यातले बरेच जगले. पिक्चरमध्ये नाव मिळालं नाही, ते असं मिळालं.

नाव झालं म्हणूनच आमच्या शाळेच्या हेडमास्तरांनी त्यांना करिअर मार्गदर्शन शिबिराला बोलावलं. तोवर गावात केबल आली होती. दहावी-बारावीच्या निम्म्या पोरांना हिरो व्हायचं होतं आणि उरलेल्यांना बातम्या द्यायच्या होत्या. शाळेच्या फळ्यावर रंगीत खडूने लिहिलं होतं, ‘कलाक्षेत्रातील यशस्वी मान्यवरांकडून मार्गदर्शन’. मान्यवर तीन. कल्याणचा एक पत्रकार, वाशिंदचा एक ऑर्केस्ट्रातला गायक आणि आमचे डॉक्टर. माझा मोठा मुलगा दहावीत होता, म्हणून मी पालकांच्या रांगेत बसले होते.

पत्रकार म्हणाला, स्वप्नं मोठी बघा. गायक म्हणाला, त्याहून मोठी बघा. टाळ्या पडल्या. मग डॉक्टर उठले.

“तुम्हाला बसता येतं का?” त्यांनी विचारलं.

पोरं हसली.

“हसू नका. आमच्या धंद्यात काम थोडं आणि बसणं फार. सकाळी कोट घालून बसायचं. कुणी सांगत नाही, तुमचा नंबर कधी. जेवायला उठलात आणि तेवढ्यात नंबर लागला तर संपलं. ज्यांना अभिनय करायचाय त्यांनी आता इथे बसा. मी सांगेपर्यंत उठायचं नाही. बोलायचं नाही.” असं म्हणून ते हेडमास्तरांच्या खोलीत चहाला निघून गेले.

पाच-सात मिनिटांत चुळबुळ सुरू झाली. कुणाला लघवी लागली, कुणाची एसटी होती. माझे चिरंजीव सर्वांत आधी पळाले, ते मी नमूद करते. डॉक्टर चहा घेऊन हेडमास्तरांशी गप्पांत रमले आणि पोरांना विसरूनच गेले. परत आले तेव्हा वर्गात एकच मुलगी बसलेली होती. पाठ ताठ, हात मांडीवर. बाहेर शिपाई दारं लावायला आला होता.

“तू गेली नाहीस?” डॉक्टरांनी विचारलं.

“तुमी उठ बोलला नाय,” ती म्हणाली.

तिचं नाव वनिता. शहापुरात मामाकडे राहून शिकत होती. मूळची मुरबाडच्या डोंगरातली. डॉक्टरांनी गाव विचारलं तेव्हा तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, “माझ्या आजीला तुमीच दवाखान्यात नेला होता.”

ती गाठोड्यावाली नात होती ही.

तेव्हापासून शाळा सुटली की वनिता बूथवर यायची. मामी घरी कामाला जुंपायची, त्याआधीची थोडी मोकळीक. डॉक्टर बाकड्यावर बसलेले असायचे. ते तिला काही शिकवायचे असं नाही. एखादी गोष्ट सांगायचे आणि म्हणायचे, “कर.” मेकअपच्या खोलीत नट कसे भांडतात, कॅमेऱ्यापुढे पाठ कधी करायची नाही, असलं काही तिला सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा.

एका दुपारी तिने बंद फोनचा रिसीव्हर उचलला. आमचा एक फोन बिघडलेला होता, तो कोपऱ्यात पडून असायचा. तिने नंबर फिरवल्यासारखं केलं आणि बोलू लागली. पलीकडून कुणीतरी काहीतरी सांगत होतं. काय ते आम्हाला ऐकू येत नव्हतं, यायचं कारणही नव्हतं. ती फक्त ‘हां’ म्हणत होती. पहिलं ‘हां’ हसरं होतं. मग एक ‘हां’ जरा उशिरा आलं. मग ती काहीच बोलली नाही, दोरीने बांधलेलं बूथवरचं पेन उचललं आणि तळहातावर रेघा मारत राहिली. शेवटी म्हणाली, “आन् जेवला होता का तो?” एवढंच. रिसीव्हर ठेवला.

रांगेत मुरबाडला जाणारी एक बाई उभी होती. तिने डोळ्याला पदर लावला आणि मला विचारलं, “कोन गेला गो पोरीचा?”

डॉक्टरांचा चष्मा नाकावर होता. त्यांनी तो काढला नव्हता. वनिता हसत दप्तर उचलून निघून गेली. ती गेल्यावर ते म्हणाले, “वहिनी, हिच्यात आहे.”

“मग चांगलंच की.”

“नाही हो,” ते म्हणाले. “ज्यांच्यात नसतं त्यांना काही होत नाही. महिनाभर फिरतात, दमतात आणि घरी येऊन दुकान टाकतात. ज्यांच्यात असतं, ते परत येत नाहीत. आणि पोचतातच असं नाही.” मग त्यांनी एका बाईबद्दल सांगितलं. त्यांच्याबरोबरच पिक्चरमध्ये काम शोधायला गेलेली. तिच्याएवढं काम कुठल्याही हिरॉइनला जमलं नसतं, असं ते म्हणाले. ती वाट बघत राहिली. चेहऱ्याचा काळ सरला. शेवटी शेवटी पिक्चरमध्ये प्रेतयात्रा असली की रडणाऱ्या बायकांमध्ये तिला पुढे उभी करायचे, कारण ती खरोखर रडायची. “ती कुठे आहे आता?” मी विचारलं. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “मजेत आहे.”

दहावीचा निकाल लागला. वनिताला बरे मार्क पडले. मामाने नर्सिंगचा फॉर्म आणला. शिक्षण होईल, पगार होईल, गावी भावंडांची शिक्षणं होतील, असा त्याचा हिशोब. त्यात चूक काही नव्हतं. पण वनिता फॉर्मवर सही करीना. “डॉक्टर सांगतील तसं करीन,” म्हणाली.

आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना फोन आला. मीच उचलला आणि त्यांना दिला. नव्या मालिकेला एक गावाकडची मुलगी हवी होती, शाळकरी वयाची, न बुजणारी. “तुमच्या भागात कुणी आहे का नजरेत? लगेच पाठवा.” डॉक्टर म्हणाले, “विचारून कळवतो.” रिसीव्हर ठेवल्यावर ते कितीतरी वेळ त्या फोनकडे बघत बसले. वर्षानुवर्षं ते ज्या फोनची वाट बघत होते, तो आला होता. फक्त त्यांच्यासाठी नव्हता.

संध्याकाळी वनिता आली. नवी वेणी घातली होती. तिला फोनचं कळलं होतं, कारण माझ्या नवऱ्याच्या पोटात तीळ भिजत नाही. ती डॉक्टरांसमोर उभी राहिली.

“डॉक्टर, मी जाऊ का तिकडं?”

मी गल्ल्यामागे उभी होते. आता सांगतील, हो जा, असं मला वाटत होतं. मनातून तसं हवंही होतं. त्यांनी डावा हात वर नेला. चष्मा काढला. एक श्वास घेतला.

“वनिता,” ते म्हणाले, “तुझ्यात ते नाही, बाळ. मी बरीच वाट पाहिली. नकला चांगल्या करतेस. पण नकला म्हणजे अभिनय नव्हे. नर्सिंगला जा.”

मीटरचा तेवढा आवाज येत होता. वनिता त्यांच्याकडे एकटक बघत होती आणि ते तिच्या दिशेने बघत होते, पण मला माहीत होतं की त्यांना धुकं दिसतंय.

“बरं,” ती म्हणाली. वाकून त्यांच्या पाया पडली. मग चांगल्या फोनवरून, मामा कामाला होता त्या कारखान्यात फोन लावला आणि कोरड्या आवाजात म्हणाली, “मामा, फॉर्म भर.”

ती पायऱ्या उतरून गेली तरी डॉक्टर तसेच बसले होते, हातात चष्मा घेऊन.

“गेली का?” त्यांनी विचारलं.

“गेली,” मी म्हटलं. मला त्यांचा इतका राग आला होता की मी श्वासबीस काही घेतला नाही.

त्यांनी शूटिंगवाल्यांना फोन लावला. “नाही हो. तशी कुणी नाही आमच्याकडे.”

मी त्यांना बोलायचं ते बोलले. म्हटलं, पोरीचं नशीब तुम्ही कोण ठरवणार? त्यांनी ऐकून घेतलं. “बरोबर आहे तुमचं,” म्हणाले. ते भांडले असते तर बरं झालं असतं. पुढच्या वर्षी हेडमास्तर शिबिराचं आमंत्रण घेऊन आले तेव्हा डॉक्टरांनी हात जोडले. “माझं मार्गदर्शन संपलं, सर.” हेडमास्तरांना वाटलं, भाव खातायत.

मग दिवस उतरणीला लागले. मालिकांतले डॉक्टर तरणेबांड झाले, त्यांच्या कोटाखाली व्यायामशाळेतले दंड दिसू लागले. चाळीच्या तारेवरचा कोट दिसेनासा झाला. लोकांच्या खिशात मोबाइल आले आणि आमच्या बूथवर माशा घोंगावू लागल्या. तरी डॉक्टर रोज यायचे. “वहिनी, काही निरोप?” मी श्वास घ्यायची. तेवढ्यावरच ते म्हणायचे, “असू दे. कळलं.”

वनिता नर्स झाली. एक-दोन ठिकाणी नोकरी करून ती आमच्याच सरकारी दवाखान्यात आली. मी ही बातमी मोठ्या आनंदाने डॉक्टरांना सांगितली आणि त्यांचा चेहरा उतरलेला पाहिला. त्यानंतर डोंगरातलं कुणी आलं की ते त्यांना फाटकापर्यंतच सोडायचे. “आत सरळ जा, चांगली माणसं आहेत,” असं सांगून मागे फिरायचे. कंपाउंडरची खुर्ची रिकामी राहू लागली. मला मात्र ते अधूनमधून विचारायचे, “ती बरी आहे ना? हसते का?”

“जाऊन बघा की,” मी म्हणायची. “दवाखाना काय दुबईत आहे?”

त्यांचे पाय सुजू लागले. दोन पायऱ्या चढल्या की धाप लागायची. मी ओरडायची, दवाखान्यात चला. ते म्हणायचे, उद्या. लोकांना ओढून ओढून दवाखान्यात नेलेला माणूस स्वतः मात्र जायला तयार नव्हता, कारण तिथे एक मुलगी होती आणि तिला सांगायची एक गोष्ट त्यांच्याकडे राहून गेली होती. याला काय म्हणावं? मला तेव्हा चीड यायची. आता नुसतं वाईट वाटतं.

उन्हाळ्याच्या एका सकाळी ते बूथच्या बाकड्यावर बसले ते उठलेच नाहीत. ओठ निळे पडले होते. नवऱ्याने रिक्षा आणली आणि आम्ही दोघांनी त्यांना उचलून नेलं. ड्यूटीवर वनिता होती. तिने ऑक्सिजन लावला, सुई टोचली, मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. ते बघून गेले. ठाण्याला हलवावं लागेल म्हणाले. गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती, ती यायची होती.

थोडं बरं वाटल्यावर डॉक्टरांनी डोळे उघडले. समोर वनिता दिसली. त्यांचा डावा हात चष्म्याकडे गेला. तिने तो हात वरच्यावर धरला.

“राहू द्या,” ती म्हणाली. “घालूनच बोला.”

त्यांनी हात खाली घेतला. ऑक्सिजनचा मास्क जरासा सरकवून म्हणाले, “तेव्हा मी खोटं सांगितलं. तुझ्यात होतं.”

“ठाव हाय मला.”

“कधी कळलं?”

“तवाच. आज्याला सांगितलात तवा तुमी चष्मा काढला नव्हता. मला सांगताना काढलात.”

मी भिंतीला टेकले. इतकी वर्षं या माणसाने जे पोटात ठेवून पाय सुजवून घेतले, ते पोरीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

“मग माझं का ऐकलंस?”

वनिता सलाइनची नळी सारखी करत होती. म्हणाली, “घरी कोनालाच मला पाठवायचं नव्हतं. मलाच तेवढं जायचं होतं. तुमी हो बोलला असता तर मी सगळ्यांशी भांडले असते. तुमी पन नाय बोलला, मंग मी कोनाच्या जिवावर भांडनार होते?”

डॉक्टरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. चष्म्याच्या काचा ओल्या झाल्या.

“राग आहे?”

“लय वर्सं होता. मंग हितं आले. रोज कोनाच्या तरी आईला जाऊन सांगायची पाळी येते. तवा कळला, मानूस चष्मा का काढतो ते.” ती थांबली. “मला चष्मा नाय ना, डॉक्टर. मला बघावं लागतं.”

“म्हणजे गेला राग?”

“थोडा हाय अजून,” ती म्हणाली. तिने खोटं सांगितलं नाही, आणि त्यांनाही ते ऐकून जरा हलकं वाटलं असावं, कारण ते हसले.

मग त्यांनी विचारलं, “आता मला सांग. जगेन का?”

मला वाटलं, ही काहीतरी थाप मारून वेळ निभावून नेईल. तिला येत होतं ते. रांगेतल्या परक्या बाईला रडवणारी पोर होती ती. पण ती स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि त्यांच्याकडे बघत म्हणाली, “गाडी येतेय. पन मला नाय वाटत, डॉक्टर.”

ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. चष्म्यातून, नीट. मग हळूच म्हणाले, “बरं केलंस, सांगितलंस.” आणि पुन्हा दम लागत लागत, “फक्त आधी एक श्वास घ्यायचा.”

“लक्षात ठेवीन,” ती म्हणाली.

त्यांनी मला जायची खूण केली. मी बाहेर व्हरांड्यात बाकावर येऊन बसले. नवरा गाडी आली का ते बघायला फाटकावर गेला होता. आवारात ऊन तापलं होतं. डोंगरातली एक बाई तापलेल्या पोराला मांडीवर घेऊन शेजारी बसली होती. तिने मला विचारलं, “टीवीतले डागदर आत हायत ना?” मी हो म्हटलं. “मंग बरा,” ती म्हणाली.

दार उघडलं. वनिता बाहेर आली. मी उठून उभी राहिले. माझ्या हातात माझाच पदर होता, तो मी कधी धरला होता कुणास ठाऊक.

ती माझ्यासमोर येऊन थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि एक श्वास घेतला.

“काकी,” ती म्हणाली, “डॉक्टर गेले.”

मी आत गेले. चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता. तिने काढला नव्हता. तो मी काढला, पदराने पुसला आणि दांड्या मिटून उशाशी ठेवला.